हळूबाईच्या आईचं उत्तर

हळूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. आमच्या वृद्धाश्रमात कुणाला खाटेवरून उठवायचं असो, कुशीवर वळवायचं असो की खुर्चीत बसवायचं असो, ती आधी त्याच्या कानाशी जाऊन म्हणते, "हळू हं, हळू." स्वतः मात्र अशी धिप्पाड, की जिना उतरायला लागली की माझ्या फडताळातली झाकणं वाजतात. नाव ठेवलं पोस्टमन आजोबांनी, चेष्टेत, आणि तेच चिकटलं. मी तिथली स्वयंपाकीण. मला सगळे काकू म्हणतात. काकूंच्या तोंडाला लागू नका असंही म्हणतात, ते माझ्या कानावर येतं.

हळूबाईबद्दल सांगायला बसले, कारण लोक वाटेल ते बोलतात. आमच्यातलीच सोडून गेलेली दोन माणसं बाहेर सांगत फिरतात, की तिने खाल्ल्या घराचे वासे मोजले, चांगल्या चाललेल्या आश्रमाला गोत्यात आणलं. त्या दिवशी चहाचा ट्रे हातात घेऊन मी त्या खोलीत उभी होते. काय झालं ते मी पाहिलंय. बोलणाऱ्यांपैकी एक तर तेव्हा रजेवर होती.

तिची आई आमच्याकडेच असते, तळमजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. सगळी हयात बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून तिला सगळे कंडक्टरबाई म्हणतात. म्हातारीचं डोकं गेलं, पण तोंड राहिलं. वाटेत दोघं बोलत उभे दिसले की हिचं सुरू व्हायचं, "आत चला, आत चला, दारात गर्दी नको." डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला तर त्यांना म्हणाली, आधी सुट्टे काढा. बसायची नाही एका जागी. एक हात भिंतीच्या कठड्यावर ठेवून दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. आणि तक्रारी तर विचारू नका. उशी उंच आहे, पंखा जोरात आहे, शेजारीण घोरते, सूप गार आहे. सूप गार नसायचं. मी वाफ येतानाच वाढते.

सगळ्यात जास्त बोलणी खायची ती हळूबाई. आई तिला ओळखत नव्हती. आपल्याला रोज अंघोळ घालणारी ही कुणी आडदांड बाई, एवढंच तिच्या लेखी. पाणी जरा कढत लागलं, केसांतून कंगवा फिरवताना एखादा केस ओढला गेला, की म्हातारी बोट नाचवून म्हणायची, "थांब तू. माझी मुलगी येऊ दे. तिला सांगते. ती सोडायची नाही तुला." हळूबाई म्हणायची, सांगा हो, जरूर सांगा. मग स्वयंपाकघरात येऊन मला ते सांगायची आणि सांगता सांगता हसायची आणि डोळे पुसायची. वाईट वाटायचंच तिला, कुणाला नाही वाटणार? पण बरंही वाटायचं. मी ओळखू येत नसले तरी आपल्याला एक मुलगी आहे आणि ती आपल्या बाजूने भांडेल, एवढं तरी आईच्या मनात शाबूत आहे, असं ती म्हणायची.

आईला घरी का नाही ठेवत, असं विचारणारे फार. ठेवून पाहिलं होतं की. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. एकदा हळूबाई कामाला आलेली असताना म्हातारी घरच्या कपड्यांवरच बाहेर पडली ती थेट बस आगारात सापडली. सुटायच्या बसच्या पायरीवर उभी राहून लोकांना आत सरकवत होती. लोकही सरकत होते म्हणे. हळूबाईने त्यानंतर चार ठिकाणी विचारलं, पण भटकणारं माणूस कुणी घ्यायला तयार नाही. आमच्या मॅनेजरनी घेतलं ते हळूबाई इथे कामाला आहे म्हणून. म्हणजे आश्रम आहे तोवर आईची खाट आहे. हे तिच्या डोक्यातून कधी जायचं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या दिवसाच्या आधी झालेल्या सरकारी तपासणीत आम्ही नापास झालो होतो. हो, नापासच म्हणायचं. एका आजोबांच्या पाठीवर खाटेला टेकून टेकून जखम झालेली निघाली. औषधांच्या कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत होती. म्हाताऱ्यांच्या पायातल्या सपाता ढिल्या, त्यात पाय अडकून पडतील, म्हणाले. माझ्या ओट्यावरच्या फडक्याबद्दलही लिहून गेले, ते मी अजून विसरलेली नाही. आणि आणखी एक, कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला वेगळी वागणूक मिळते. म्हणजे काय, तर हळूबाई आपल्या आईला दुसऱ्यांदा खीर वाढताना कुणी पाहिली. सुधारा म्हणून मुदत दिली. पुन्हा असंच निघालं तर दाराला कुलूप आणि म्हातारी माणसं जागा मिळेल तिथे, दहा दिशांना.

आता ही तपासणीची माणसं कधी येणार ते सांगून येत नाहीत. हाच तर जिवाला घोर. फाटकाची बेल वाजली की सगळ्यांचा चेहरा पडायचा. माझ्या खिडकीतून फाटक दिसतं, म्हणून मॅनेजरनी मला सांगून ठेवलं, अनोळखी गाडी दिसली की पातेल्याच्या झाकणावर डाव आपटायचा. एकदा मी आपटला. इकडे बादल्या पळाल्या, तिकडे चादरी ताणल्या गेल्या, मोठ्या सिस्टर कपाटाची किल्ली गळ्यात घालून धावत आल्या, आणि दारात उभा कोण, तर पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा. तो बिचारा एवढा मानपान बघून बावरला. आम्हाला मात्र हसूसुद्धा आलं नाही. मी हळूबाईला साखर घालून पाणी दिलं.

मॅनेजर वाईट माणूस नाही. घाबरट आहे, पोटात ॲसिड होतं त्याच्या, आणि घाबरट माणसाला सुचतात तसल्या गोष्टी त्याला सुचल्या. सगळ्यांना एकसारखे बूट आणले, मागून बंद, वरून पट्टा, टणक. नव्या चादरी आणल्या. कुणीही आपल्या नातेवाइकाचं काही करायचं नाही असा नियम काढला. म्हणजे हळूबाईच्या आईची अंघोळ, कपडे, सगळं वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे गेलं. त्यांच्याकडे आधीच डोक्यावरून पाणी जाईल एवढं काम. हळूबाईला बजावून सांगितलं, पुन्हा तुमच्या आईवरून शेरा आला तर आईला दुसरीकडे हलवावं लागेल. मग काय बोलणार ती.

आणि सुरू केला सराव. रोज दुपारच्या चहानंतर सगळ्यांना दिवाणखान्यात गोल बसवायचं. मॅनेजर कोट घालून, काखेत फाइल मारून दारातून आत येणार आणि तपासनीस असल्यासारखं प्रत्येकाला विचारणार, "कसं वाटतं इथे?" आणि प्रत्येकाने म्हणायचं, "मला काही त्रास नाही. सगळे नीट बघतात." झालं. एवढंच उत्तर. आम्ही प्रत्येकीने दोन-दोन, तीन-तीन जण घेऊन ते घोटवून घ्यायचं. पहिल्या दिवशी पोस्टमन आजोबा म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त सूप म्हणजे गरम पाण्याला लांबून भाजी दाखवलेली असते. सगळे हसले. मी त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

कुणाला ते धड जमेना. एक आजी "नीट बघतात" पर्यंत पोचायच्या आणि कोण बघतात ते विसरायच्या. एक आजोबा मॅनेजरलाच उलट विचारायचे, तुम्हाला कसं वाटतं? पण कंडक्टरबाई! दोन दिवसांत तिने ते असं उचललं की बघत राहावं. आयुष्यभर ठरलेली वाक्यं दिवसाकाठी शेकडो वेळा म्हटलेली बाई ती. बाकी सगळं पुसलं गेलं तरी ती खोबण शाबूत होती, त्यात हे वाक्य जाऊन बसलं. विचारायचा अवकाश, मान ताठ, आवाज खणखणीत, "मला काही त्रास नाही. सगळे नीट बघतात." मॅनेजर टाळ्या वाजवायचे. शिकवलं कुणी, तर हळूबाईने. सराव काही नातेवाइकांच्या नियमात बसत नव्हता, म्हणून तेवढा वेळ तिला आईजवळ बसायला मिळायचं. रोज समोर स्टूल घेऊन बसायची, आईचे हात हातात धरायची आणि पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. आपल्या आईमुळे आश्रम अडकायला नको, हाच तिचा धोशा. त्या दिवसांत एवढ्या एकाच गोष्टीने तिला जरा हायसं वाटत होतं.

मग कंडक्टरबाई गप्प होत गेल्या. आधी माझ्या लक्षातच आलं नाही, उलट जेवणाच्या वेळी शांतता वाटली. फेऱ्या थांबल्या. खुर्चीत बसवलं की बसून राहायच्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, छान निवल्यात. मॅनेजर तर खूशच. हळूबाई मात्र स्वयंपाकघरात येऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, काकू, आई आज कुणालाच आत चला म्हणाली नाही. मी म्हटलं, बरं झालं की, तेवढाच कानांना आराम. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. म्हणाली, मी मुद्दाम आईच्या केसांची बट ओढून पाहिली, तरी मला धमकी दिली नाही तिने. मुलीला सांगते म्हणाली नाही. माझं काहीतरी करपत होतं, मी तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

ती आईला विचारायची. येता-जाता, कुणी बघत नाहीसं बघून. आई, काही दुखतंय का? आणि म्हातारी मान ताठ करून तेच म्हणायची. डोक्याला हात लावून विचारलं, पोटाला लावून विचारलं, तेच. मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी घाईघाईत ताप बघितला, रक्तदाब बघितला, दोन्ही ठीक. विचारलं, आजी, काही होतंय का? तेच उत्तर. वरच्या मावशी अंघोळीऐवजी खाटेवरच अंग पुसून काढायच्या, त्यांनीही विचारलं होतं म्हणे, बूट बोचत नाहीत ना? तेच. माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतंय म्हटल्यावर त्यांनीही मोजे उतरवून बघायचे कष्ट घेतले नाहीत. हळूबाई मॅनेजरकडे गेली, एक दिवस मला अंघोळ घालू द्या म्हणाली. ते म्हणाले, तपासणी होऊन जाऊ द्या, मग रोज घाला, आता जरा कळ काढा. ती कळ काढत राहिली. जेवण जाईना तिला. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी रागावले की म्हणायची, काकू, माझ्या जिवाला काहीतरी वाटतंय. आणि कुठे बघू तेच कळत नाही.

आणि एका सकाळी, मी भाजी चिरत असताना फाटकाशी गाडी थांबली. बारीक चणीची बाई उतरली, पाण्याची स्वतःची बाटली घेऊन. या बाईला कुणाकडचं पाणी नको म्हणजे ही कोण ते मला कळलं. मी डाव आपटला.

तपासनीस बाई फार बोलल्या नाहीत. त्यामुळेच जास्त धडकी भरत होती. गाद्या उचलून खालून बघितल्या. कपाटाची मूठ हलवून बघितली. पाठीची जखम होती त्या आजोबांना वळवून पाहिलं, जखम भरली होती, मान हलवली. माझं फडकं हातात घेऊन हुंगलं आणि काही न बोलता जागेवर ठेवलं. एवढं शुभ्र फडकं माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं. मॅनेजर त्यांच्या मागे मागे, एक हात पोटावर. मग त्या दिवाणखान्यात आल्या, आणि मी चहाचा ट्रे घेऊन मागोमाग.

सगळी मंडळी गोल बसलेली. नवे बूट एका ओळीत. बाईंनी पोस्टमन आजोबांना विचारलं, तर त्यांनी उत्तर तर दिलंच, वर सूप फार चविष्ट असतं असंही ठोकून दिलं. खोटारडा माणूस. मग त्या कंडक्टरबाईंसमोर वाकल्या, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, आजी, कसं वाटतं इथे? काही दुखतखुपत नाही ना?

"मला काही त्रास नाही," म्हातारी म्हणाली. "सगळे नीट बघतात."

एवढं स्वच्छ, एवढं ठासून, की तपासनीस बाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. मॅनेजरचा हात पोटावरून खाली आला. मोठ्या सिस्टरनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. पुढच्या दोघांना विचारून झालं, बाईंनी पिशवीचा बंद लावला, आणि त्या दाराकडे निघाल्या. झालं होतं सगळं. आमची नौका किनाऱ्याला लागली होती.

हळूबाई भिंतीशी उभी होती. ती बाईंकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. मी तिची नजर जाते तिकडे पाहिलं. म्हातारीचा उजवा पाय जमिनीला पुरता टेकलेलाच नव्हता. टाच वर धरली होती तिने. आणि खुर्चीच्या दांड्यावर तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"मॅडम," हळूबाई म्हणाली, "जरा थांबा."

मी तिला डोळे वटारून दाखवले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या हातात ट्रे नसता तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला असता. माझी नोकरी होती, तिची होती, आणि सगळ्यांत आधी तिच्या आईची खाट होती. तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"ते उत्तर मी शिकवलंय तिला," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनाच शिकवलंय. तिला काहीतरी दुखतंय आणि तिला सांगता येत नाही. ही माझी आई आहे."

मॅनेजर काहीतरी बोलायला गेले. हळूबाई परवानगीला थांबली नाही. आईपुढे जमिनीवर बसली, हळू हं, हळू, म्हणाली, आणि बुटाचा पट्टा सोडला. बूट निघाला. मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. तपासनीस बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं, ते हळूबाईने थोडं थोडं ओतलं आणि मोजा भिजवून भिजवून सोडवला. टाचेचं काय झालं होतं ते मी सांगत नाही. वास आला एवढं सांगते. टणक बुटाची मागची कड रोज त्याच जागी घासत होती, वर तो पट्टा आम्हीच घट्ट आवळत होतो, पडू नये म्हणून.

म्हातारीचं सगळं अंग कापत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि मोजा शेवटी निघाला तेव्हा तिने मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला काही त्रास नाही. सगळे नीट बघतात."

मी ट्रे खाली ठेवला. मला तेव्हा आमची सगळ्यांची इतकी शरम वाटली, की कुठे बघावं ते कळेना. तपासनीस बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, आधी दवाखाना, बाकीचं नंतर.

दवाखान्याची गाडी कंडक्टरबाईंना घेऊन गेली. हळूबाई बरोबर गेली. इकडे बाईंनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि आत एकेकाशी बोलत बसल्या, संध्याकाळपर्यंत. काय बोलणं झालं कुणास ठाऊक. पोस्टमन आजोबा बाहेर आले ते माझी नजर चुकवत गेले, त्यावरून सुपाचा विषय निघाला असावा. शेवटी कुलूप लागलं नाही. का लागलं नाही, ते त्या बाईंनाच माहीत. नवी माणसं घ्यायची नाहीत, बूट सगळे उतरवायचे, आणखी दोन मावशी ठेवायच्या, सराव पुन्हा ऐकू आला तर मात्र सोडणार नाही, असं बजावलं. आता त्या केव्हाही येतात. मॅनेजर राहिले, पण ॲसिड वाढलं त्यांचं.

आमच्यातल्या बऱ्याच जणी हळूबाईशी बोलेनाशा झाल्या. मीही दोन दिवस धुमसत होते. पण तिला कुणाच्या बोलण्या-न बोलण्याची पर्वा नव्हती. तिच्यासमोर एकच गोष्ट होती, आईचा पाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या वयात पायाला रक्त नीट पोचत नाही, जखम भरली तर भरली, नाहीतर पाय काढावा लागेल. ते दिवस मला आठवायला नको वाटतात. ती दवाखान्यातून सरळ कामाला यायची, कामावरून सरळ दवाखान्यात. मी डबा द्यायचे, तो निम्मा परत यायचा. काय म्हणाले डॉक्टर, असं विचारायलाही भीती वाटायची. बघू म्हणाले, असं सांगायची. रोज बघूच.

पाय वाचला. टाचेचा थोडा भाग गेला, पण पाय वाचला. कंडक्टरबाई परत आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून, पायाला हे एवढं बँडेज. आता तिची सगळी शुश्रूषा हळूबाईच करणार होती, तपासनीस बाईंनीच तसं सांगितलं होतं. मला वाटलं, सुटली एकदाची.

कुठली सुटतेय! डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पट्टी बदलताना दुखलं तर त्यांनी ते सांगितलं पाहिजे. ठणका वाढला तर लगेच कळलं पाहिजे, आत काही साचत असेल तर त्यावरूनच समजेल. आणि म्हातारी सांगणार कशी? ते वाक्य तिच्या तोंडातून जाता जाईना. हळूबाई पट्टी सोडायला बसली की विचारायची, दुखतंय का? मला काही त्रास नाही. इथे? सगळे नीट बघतात. मग तिने उलटा पाठ सुरू केला. स्टूल घेऊन समोर बसायची, हात हातात धरायची आणि म्हणायची, आई म्हण, दुखतंय. म्हण ना, दुखतंय. म्हातारी तिच्याकडे बघत राहायची आणि मान ताठ करून जुनाच पाठ म्हणायची. एकदा हळूबाई स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. म्हणाली, काकू, मी हे आत घातलं कसं, आणि आता बाहेर कसं काढू? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढी मोठी पाठ, हुंदक्यांनी हलत होती.

नंतर नंतर ती विचारेनाशी झाली. नुसती चेहऱ्याकडे बघत पट्टी सोडायची, कपाळावर आठी आली की थांबायची, बोटं आवळली की थांबायची. एकेका पट्टीला अर्धी सकाळ जायची. जखम कधी कोरडी वाटायची, कधी ओली. ओली दिसली की तिचं पुन्हा जेवण बंद.

एका दिवशी मी सूप घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेले. हळूबाई जमिनीवर बसली होती, आईचा पाय तिच्या मांडीवर. कापूस चिकटला होता आणि ती तो पाण्याने भिजवत होती, तोंडाने हळू हं, हळू चाललेलंच. शेवटचा तुकडा जरा ओढला गेला असावा. म्हातारीने पाय झटकन मागे घेतला आणि हळूबाईच्या हातावर फाडकन चापट मारली.

"दुखतंय ना मला!" ती ओरडली. "डोळे फुटले का तुझे? थांब, माझी मुलगी येऊ दे. तिला सांगते. ती सोडायची नाही तुला."

हळूबाई जागची हलली नाही. चापट बसलेला हात तिने गालाला लावला. मग पाय पुन्हा मांडीवर घेतला, आणि रडत रडत म्हणाली, "सांगा हो. तिला सगळं सांगा."